पुणे, १४ मे, दुपारी १२:३१ : शून्य सावली आणि वाटेत हरवणारं मिनिट

१४ मेला दुपारी बरोबर बारा वाजता पुण्यातल्या एखाद्या अंगणात मीटरभर काठी उभी केली, तर तिची सावली जवळजवळ १३ सेंटीमीटर भरते. पश्चिमेकडे पडलेली, काळीभोर, कोणालाही दिसेल अशी. ज्या माणसाला मोबाइलवर ‘आज महाराष्ट्रात शून्य सावली दिवस, दुपारी १२ वाजता सावली साथ सोडणार’ असा निरोप आलेला असतो, तो ही सावली बघतो, पाच मिनिटं वाट बघतो आणि घरात जातो. अर्ध्या तासाने, १२ वाजून ३१ मिनिटांनी, त्याच अंगणात काठीची सावली खरोखरच मुळाशी जाते. तेव्हा तिथे कोणी नसतं.

हे प्रकरण या अर्ध्या तासाचं आहे. आकाशात घडणारी गोष्ट अचूक, गणित शाळेतल्या भूगोलाइतकं सोपं, उपकरण म्हणजे एक काठी. तरीही दरवर्षी हजारो लोक बघून निराश होतात. उणीव विज्ञानात नाही, निरोपात आहे.

मिनिट कुठून येतं

भारताचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर चालतं. ते उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातं. पुणे ७३.८६ अंशांवर, म्हणजे ८.६४ अंश पश्चिमेला. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणून पुण्याचा खरा मध्यान्ह घड्याळातल्या बारानंतर सुमारे ३४.६ मिनिटांनी व्हायला हवा. पण पृथ्वीची कक्षा थोडी लंबवर्तुळाकार आहे आणि आस कललेला आहे, त्यामुळे सूर्य वर्षभर घड्याळाच्या थोडा पुढे-मागे चालतो. मेच्या मध्यावर तो पावणेचार मिनिटं पुढे असतो. ती वजा केली की १२:३१ येतात. हाच हिशोब मुंबईला १२:३५ देतो आणि नागपूरला, २६ मेच्या सुमारास, १२:१०. मुंबई आणि नागपूर यांच्यात २५ मिनिटांचा फरक पडतो, आणि राज्यभर एकच वेळ सांगणारा निरोप हा फरक गिळून टाकतो.

तारखेचं गणित अक्षांशाचं. मे महिन्यात सूर्य रोज थोडा उत्तरेला सरकतो. ज्या दिवशी त्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचं त्याचं उत्तर-दक्षिण कोनीय अंतर, गावाच्या अक्षांशाइतकी होते, त्या दिवशी तो मध्यान्हाला थेट डोक्यावर येतो. सावंतवाडीला ४ मेच्या आसपास, कोल्हापूरला ६-७ मे, पुण्याला १४ मे, मुंबईला १६ मे, नाशिकला २० मे, नागपूरला २६ मे, आणि राज्याच्या उत्तर टोकाला महिना संपता संपता. लीप वर्षामुळे यात एखादा दिवस इकडे-तिकडे होतो. शून्य सावलीची ही रेषा पूर्व-पश्चिम ताणलेल्या दोरीसारखी दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते. मेच्या सुरुवातीला दिवसाला सुमारे ३० किलोमीटर, शेवटी १५-१६ किलोमीटर. ‘महाराष्ट्राचा शून्य सावली दिवस’ अशी गोष्टच नाही. जिल्ह्याचाही नसतो: पुणे जिल्ह्यात बारामतीला १२ मे, पुणे शहराला १४ आणि जुन्नरला १६-१७ मे. एकाच जिल्ह्यात चार-पाच दिवसांचं अंतर.

आता महत्त्वाचा मुद्दा. एक दिवस चुकला तर काय बिघडतं? मेच्या मध्यावर क्रांती दिवसाला पाव अंशाहून किंचित कमी बदलते. मीटरभर काठीच्या सावलीत त्याचा फरक ४ मिलिमीटर. आणि एक मिनिट चुकलं तर? सूर्य एका मिनिटात पाव अंश पश्चिमेला जातो. सावलीत फरक पुन्हा ४ मिलिमीटर. म्हणजे या प्रयोगात एक मिनिट आणि एक दिवस यांची किंमत सारखीच आहे. पुण्यात १५ मेला १२:३१ वाजता उभं राहणाऱ्याला शून्य सावली जवळपास तशीच दिसेल; १४ मेला १२ वाजता उभं राहणाऱ्याला दिसणार नाही. तरीसुद्धा प्रत्येक बातमी तारीख मथळ्यात टाकते आणि वेळ चौथ्या ओळीत ‘भर दुपारी’ म्हणून उडवून लावते. लोकांपर्यंत विज्ञान नेणाऱ्याने कुठला आकडा जपायचा आणि कुठला सैल सोडायचा, हे आधी स्वतः तपासलं पाहिजे. इथे जपायचं आहे ते मिनिट.

‘शून्य’ या शब्दाची अडचण

नाव आकर्षक आहे, पण ते जे वचन देतं ते माणसाच्या अंगावर पाळलं जात नाही. सूर्य थेट डोक्यावर असला तरी खांदे, डोकं आणि पोट यांची सावली पायांभोवती पडतेच. सरळ उभ्या माणसाला पायाशी खांद्यांइतका रुंद काळा डाग दिसतो. तो म्हणतो, ‘ही बघा की सावली!’ आणि त्याचं बरोबर असतं. झाडाखालीही सावली असते, मांडवाखालीही असते. नाहीशी होते ती फक्त उभ्या, सरळ कडांच्या वस्तूची बाहेर पडणारी सावली.

म्हणून निरोपात ‘सावली गायब’ लिहू नये. ‘सावली बरोबर पायाखाली येईल’ असं लिहावं. एवढ्या बदलाने अर्धे वाद मिटतात. मुलांना रिंगणात हात धरून उभं केलं तर जमिनीवर डोक्यांचे आणि हातांचे गोल-गोल ठिपके दिसतात, त्याचे फोटो सुंदर येतात. पण पुरावा म्हणून ते रिंगण कामाचं नाही.

काय वापरावं, काय वापरू नये

घरात सर्वांत आधी हाताशी येतो तो स्टीलचा ग्लास, आणि तोच खोटी साक्ष देतो. ग्लास तोंडाशी रुंद आणि बुडाशी अरुंद असतो. सुलटा ठेवला तर ऐन क्षणीही काठाची सावली बुडाभोवती कडं करून राहते. पालथा ठेवला तर उलट होतं: उतरत्या कडेमुळे सावली वेळेआधीच नाहीशी होते. १२ सेंटीमीटर उंचीत कड एक सेंटीमीटर आत जात असेल तर तो उतार सुमारे पाच अंशांचा. अशा ग्लासाची सावली मध्यान्हाच्या वीस मिनिटं आधीपासून वीस मिनिटं नंतरपर्यंत दिसतच नाही, आणि ठरलेल्या तारखेच्या आधी-नंतर बरेच दिवस तसंच होतं. बादलीचंही हेच. पारदर्शक पाण्याची बाटली तर टाळावीच. ती प्रकाश गोळा करून मध्ये झळाळती रेघ पाडते आणि लोक तिच्याकडेच बघत बसतात.

सरळ कडांचा पत्र्याचा डबा, टॉर्चचा जाड सेल, प्लंबरकडचा पीव्हीसी पाइपचा तुकडा, हे चांगलं. चार इंची पाइप ६० सेंटीमीटर लांब कापून उभा केला की त्याच्या आत प्रकाशाची गंमत दिसते. आधी एका बाजूला चंद्रकोरीसारखा उजेड, मग तो वाढत वाढत पूर्ण गोल. मात्र वरून डोकावलं तर डोकंच सूर्याच्या आड येतं, म्हणून तळाशी चार बोटं रुंद खाच कापून बाजूने बघायची सोय करावी. खाचेतून जमिनीवरचा उजेडाचा गोल बघायचा असतो, पाइपमधून वर सूर्याकडे नाही. मुलं ते करू पाहतातच, तेव्हा पाइपजवळ एका मोठ्या माणसाने थांबावं.

काठी वापरायची तर तिचा उभेपणा तपासणं आलं. काठी एक अंशाने कलली तर मीटरमागे टोक १७ मिलिमीटर सरकतं, म्हणजे चार मिनिटांची चूक. आणि एक अंशाचा कल डोळ्यांना कळत नाही. इथे गवंड्याची दोन अवजारं कामाला येतात: जमीन सपाट आहे का ते बघायला पाणसळ आणि काठी उभी आहे का ते बघायला ओळंबा, म्हणजे दोरीला लोंबणारा वजनदार गोळा. खरं तर ओळंबाच सर्वांत उत्तम उपकरण आहे. तीन बांबूंची तिपाई करून तिच्या गाठीपासून मीटरभर खाली ओळंबा लोंबकळत ठेवावा, गोळा जमिनीला टेकता टेकता राहील असा. तो कलू शकत नाही. गाठीची सावली पश्चिमेकडून हळूहळू सरकत येते आणि थेट गोळ्यावर चढते, तो क्षण शून्य सावलीचा. वारा असेल तर गोळा पाण्याने भरलेल्या घमेल्यात बुडवावा, झुलणं थांबतं. एखाद्या चालू बांधकामावरच्या गवंड्याला हे करून दाखवायला सांगितलं तर तो शिक्षकापेक्षा नीट करतो, आणि आजूबाजूचे लोकही त्याचं ऐकतात.

मोठी वस्तू घेतली की अचूकता वाढेल, हाही एक गैरसमज. सूर्य बिंदू नाही. तो अर्ध्या अंशाहून थोडा जास्त रुंद दिसतो. त्यामुळे सावलीची कड धूसर असते, मीटरभर काठीला सुमारे ९ मिलिमीटर, तीन मीटर खांबाला २८. सावली लांबते तितकाच धूसरपणाही वाढतो. टोकाला ४ मिलिमीटरचं भोक पाडलेला पुठ्ठ्याचा तुकडा आडवा बसवला तर सावलीत सूर्याची गोल प्रतिमा पडते. तिचा मध्य पेन्सिलने टिपता येतो. मोजमाप करायचं असेल तर हीच पद्धत धरावी.

निरोप कसा लिहावा

अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या लोकसंपर्क आणि शिक्षण समितीने गावाचं स्थान दिलं की तारीख आणि वेळ सांगणारं अ‍ॅप उपलब्ध केलं आहे, त्यामुळे वर दिलेला हिशोब प्रत्येकाने हाताने करायची गरज नाही. गरज आहे ती मिळालेला आकडा शेवटच्या माणसापर्यंत न सांडता नेण्याची. निरोप पुढे पाठवताना, छापताना, छोटा करताना आधी कापलं जातं ते स्थळ. म्हणून स्थळ वाक्याच्या आत, वेळेला चिकटवून लिहावं, कंसात किंवा शेवटी नाही. पुण्यासाठी असा निरोप चालेल:

‘पुणे शहरात १४ मेला दुपारी १२:३१ वाजता सूर्य थेट डोक्यावर येईल. १२:२० ला सरळ कडांचा डबा उन्हात सपाट जमिनीवर ठेवा. सावलीच्या टोकावर खडूने खूण करा. १२:२५, १२:३१, १२:३७ ला पुन्हा खुणा करा. सावली पश्चिमेकडून डब्याखाली जाईल आणि पूर्वेकडे बाहेर येईल. १३ किंवा १५ मेला बघितलं तरी चालेल, पण वेळ हीच. तुम्ही दुसऱ्या गावात असाल तर तुमची तारीख आणि वेळ वेगळी आहे. सूर्याकडे बघू नका.’

यात तीन गोष्टी मुद्दाम आहेत. १२:२० पासून सुरुवात, कारण सावली नाहीशी झालेली बघण्यापेक्षा ती आखडत जाताना आणि बाजू बदलताना बघणं जास्त पटणारं असतं. खडूच्या खुणा, कारण त्या नंतरही जमिनीवर राहतात आणि दुपारी चार वाजता शेजाऱ्यांना दाखवता येतात. आणि शेवटून दुसरं वाक्य, म्हणजे हा निरोप भुसावळला पोचला तरी तिथे खोटा ठरू नये.

राज्यभराच्या वर्तमानपत्राला किंवा वाहिनीला एक वाक्य देऊच नये, तालुकावार तक्ता द्यावा, आणि तो एप्रिल संपायच्या आत. पुण्यातून १२ मेला प्रसिद्धी सुरू झाली की सिंधुदुर्ग, कोल्हापूर, सांगली यांचा दिवस आधीच निघून गेलेला असतो. दरवर्षी दक्षिणेकडचे जिल्हे असेच राहून जातात, आणि हे अन्यायाचं आहे, कारण रेषा राज्यात शिरते ती त्यांच्याकडूनच.

चुकीचा निरोप फिरू लागला तर ‘हे खोटं आहे’ असं उत्तर देऊ नये. बहुतेक वेळा तो खोटा नसतो. मुंबईसाठी खरा असलेला निरोप लातूरला पोचलेला असतो. ‘हे मुंबईचं आहे, आपल्या गावाचं हे’ एवढं सांगून तारीख आणि मिनिट द्यावं. पाठवणाऱ्याचा मान राहतो आणि तो दुरुस्त निरोपही तितक्याच उत्साहाने पुढे पाठवतो.

ऊन, सुट्टी आणि ढग

महाराष्ट्रातली खरी अडचण पंचांगाची आहे. पहिली शून्य सावली मेमध्ये, तेव्हा शाळा बंद. दुसरी, सूर्य परतताना, पुण्यात ३० जुलैच्या आसपास दुपारी १२:४१ ला. तेव्हा शाळा चालू, पण आभाळ भरलेलं. म्हणजे ज्यांच्यासाठी हे आखलं जातं ती मुलं दोन्ही वेळा हुकतात. मेमधला कार्यक्रम म्हणूनच शाळेच्या भरवशावर ठेवू नये. उन्हाळी शिबिरं, सोसायट्यांची आवारं, वाचनालयं, एसटी स्थानकं, गावातला पार या जागा जास्त योग्य. पाराला तर दुहेरी फायदा: वडाची सावली बसायला आणि बाजूचं मोकळं ऊन प्रयोगाला.

विदर्भात वेगळीच काळजी. नागपूरचा दिवस २६ मेच्या आसपास, नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) नुकता सुरू झालेला, पारा ४५ अंशांजवळ. तिथे लोकांना अर्धा तास उन्हात उभं करणं हा गुन्हाच समजावा. मांडणी एकाने आधी करून ठेवायची, बाकीच्यांनी सावलीत बसायचं, आणि १२:०५ ते १२:१५ या दहा मिनिटांत चार-चारच्या गटाने येऊन बघून जायचं. पाण्याचा माठ जवळ. अंधूक वाटणाऱ्याला लगेच आत.

नवतप्याशी सांगड घालून लोक हमखास विचारतात: सूर्य डोक्यावर आला म्हणूनच एवढी आग पडते का? उत्तर अर्धं हो आहे. ऊन थेट पडतं तेव्हा चौरस मीटरवर येणारी उष्णता जास्त असते. पण जमीन आणि हवा तापायला वेळ लागतो, आणि तापमान ढग, ओलावा, वारा यांवरही ठरतं. जुलैअखेर पुण्यात सूर्य तितकाच डोक्यावर असतो आणि हवा मात्र गार असते. ही तुलना श्रोत्यांच्या अनुभवातली आहे, लगेच पटते. दुसरा प्रश्न दिल्लीतल्या नातेवाइकांचा: आमच्याकडे कधी? कधीच नाही. कर्कवृत्ताच्या, म्हणजे साडेतेवीस अंशांच्या उत्तरेला सूर्य कधी डोक्यावर येत नाही. अख्खा महाराष्ट्र आणि गोवा त्याच्या दक्षिणेला, म्हणून आपल्या प्रत्येक गावाला वर्षातून दोनदा.

ढगांवर उपाय असा की एका दिवसाला लटकून राहू नये. पुण्यात १४ मे ते ३० जुलै या काळात मध्यान्हाचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि सावली दक्षिणेकडे पडते. एरवी वर्षभर ती उत्तरेकडे. २१ जूनला मीटरभर काठीची सावली साडेआठ सेंटीमीटर, दक्षिणेला. शाळा जूनमध्ये उघडल्यावर मिळेल त्या उघडिपीच्या दुपारी हे दहा मिनिटांत दाखवता येतं. सावलीने बाजू बदलली हे दिसलं की मधे कधीतरी ती शून्य झाली असणार हे मुलं स्वतःच म्हणतात.

त्यासाठी तुलनेला जुनी खूण हवी, आणि ती प्रत्येक शाळेत घेता येते, कारण प्रत्येक शाळेत ध्वजस्तंभ असतो. राज्यातल्या शाळांत तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला झेंडावंदनासाठी लोकांनी वेढलेला असतो. झेंडावंदन सकाळी, मोजमाप दुपारी. एका शिक्षकाने आणि दोन मुलांनी थांबायचं. पुण्यातल्या सहा मीटर उंच स्तंभाची मध्यान्ह-सावली २६ जानेवारीला दुपारी १२:४७ वाजता सुमारे ४.६ मीटर भरते. १ मेला १२:३२ वाजता तीच अवघी ३७ सेंटीमीटर. १५ ऑगस्टला १२:३९ वाजता ४६ सेंटीमीटर. तिन्ही उत्तरेला. ऑइलपेंटने खुणा करून तारीख लिहिली की आवारातच एक कायमचा तक्ता तयार होतो. स्तंभ चौथऱ्यावर असतो, तेव्हा उंची चौथऱ्यापासून नव्हे, सावली जिथे पडते त्या पातळीपासून मोजावी. ही चूक फार होते.

दोन गावं, एक मोजमाप

दोन गावांनी मिळून केलेल्या मोजमापाची ओढ वेगळीच असते. नाशिक आणि कोल्हापूर जवळजवळ एका रेखावृत्तावर आहेत, अक्षांशात ३.३ अंशांचा फरक. ज्या दिवशी कोल्हापूरला सावली शून्य, त्या दिवशी नाशिकला १२:३१ वाजता मीटरभर काठीची सावली साधारण ५८ मिलिमीटर येते. त्यावरून कोन ३.३२ अंश. नकाशावर दोघांमधलं सरळ अंतर सुमारे ३६६ किलोमीटर. ३६० ला ३.३२ ने भागून ३६६ ने गुणलं की पृथ्वीचा घेर जवळपास ३९,७०० किलोमीटर. ध्रुवांवरून जाणारा खरा घेर ४०,००८. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनिसने इजिप्तमध्ये याच युक्तीने पृथ्वी मोजली होती.

इथे दोन गोष्टी घोटाळा करतात. सावलीच्या टोकाशी ३ मिलिमीटर इकडे-तिकडे झाले की उत्तर पाच टक्क्यांनी हलतं, म्हणून पुण्या-नाशिकसारखी जवळची जोडी घेऊ नये. तिथे सगळी सावलीच २६ मिलिमीटरची. आणि मुलं अंतर मोबाइलवर रस्त्याचं बघतात. कोल्हापूर–नाशिक रस्त्याने साडेचारशे किलोमीटरच्या आसपास पडतं, आणि पृथ्वी एकदम ४९,००० किलोमीटरच्या घेराची होते. हे उत्तर पुसून टाकायला लावू नये. ते फळ्यावर तसंच राहू द्यावं आणि त्याच्या शेजारी रस्त्याचा नकाशा लावावा. रस्ता कुठे कुठे वळतो ते बोटाने दाखवत मुलं आपली चूक स्वतः शोधून काढतात, आणि मग सरळ रेषेसाठी पट्टी मागायला येतात.